मिनिटबाई

मी दातांचा डॉक्टर. माझ्यासमोर लोक दिवसभर तोंड उघडून बसतात, पण त्यांना बोलता येत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं याच्या अगदी उलट. तिच्याकडे लोक यायचे ते बोलायलाच, आणि बहुतेक वेळा भांडायला. शहराच्या बस कंपनीत तिनं चौतीस वर्षं कॉम्प्युटरवर गाड्यांचं वेळापत्रक बनवलं. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठल्या थांब्यावर कधी पोचेल, कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर जाईल, हे सगळं तिच्या प्रोग्रॅममधून बाहेर पडायचं. डेपोत तिला ‘मिनिटबाई’ म्हणत. आधी चिडवायला, मग सवयीनं, आणि शेवटी शेवटी मायेनं. मी आपलं ताई म्हणतो.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी तिच्याकडे जातो आणि आम्ही दोघं जुन्या गोष्टी उकरत बसतो. इथं सांगतोय त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, निम्मं त्या रविवारांतलं.

आमचे अण्णा बस ड्रायव्हर होते. रूट नंबर चौदा, स्टेशनपासून गावाबाहेरच्या काचेच्या कारखान्यापर्यंत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. खिडकीतून चौदा नंबरचं एक वळण दिसायचं आणि तिथं आल्यावर अण्णा हॉर्न दोनदा वाजवायचे. कंपनीच्या नियमात हे बसत नव्हतं, पण नियम करणारे आमच्या खिडकीत राहत नव्हते.

मला गाडी लागायची, त्यामुळे मी घरी. ताई मात्र दहा वर्षांची झाल्यापासून रविवारी अण्णांबरोबर गाडीवर जायची. ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या सीटवर बसायची, अण्णांचं घड्याळ मनगटात राहत नाही म्हणून कोपरापर्यंत चढवलेलं, मांडीवर वही. प्रत्येक थांब्यावर गाडी किती वाजता आली ते लिहायची. का लिहायची, हे तिलाही सांगता येत नाही. “काहीतरी करायला हवं होतं,” म्हणते. “आणि अण्णा गाडी चालवताना बोलायचे नाहीत.”

डेपोत तेव्हा वेळापत्रक बनवणारे एक गृहस्थ होते. उंच, किडकिडीत, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. सगळे त्यांना रंगपेन्सिल काका म्हणत. त्यांच्या खोलीत दाराएवढं टेबल होतं आणि त्यावर तेवढाच मोठा कागद. कागदावर आडव्या वेळा, उभे थांबे, आणि एकेक गाडी म्हणजे एकेक तिरकी रेघ. लाल, निळ्या, हिरव्या अशा शेकडो रेघा एकमेकींना छेदत गेलेल्या. एका रविवारी त्यांनी ताईची वही बघितली. चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

“पुलावर तीन मिनिटं जास्त लागतात असं लिहिलंयस?”

“दर रविवारी नाही,” ताई म्हणाली. “पुलाखाली बाजार भरतो त्या रविवारी.”

काकांनी कागदावरची चौदा नंबरची रेघ शोधली, खोडरबर घेतला आणि ती पुसली. मग तीन मिनिटं सरकवून परत ओढली. “वेळापत्रक पेन्सिलीनं होत नाही पोरी,” ते म्हणाले, “खोडरबरानं होतं.” आपण वहीत लिहिलं आणि खरीखुरी गाडी सरकली, हे ताईच्या मनात जे बसलं ते कायमचं. घरी आल्यावर ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. आईला वाटलं, ताप येतोय.

पुढे तिनं गणित घेतलं. बावीस वर्षांची असताना बस कंपनीनं पहिला कॉम्प्युटर आणला आणि तिला नोकरी लागली. कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर झालं होतं. बाहेर चपला काढायच्या, आत पंखा नाही, एसी, आणि कपाटाएवढं यंत्र घरघरत असायचं. दोन्ही काठांना भोकं असलेल्या लांबच लांब कागदावर वेळापत्रक छापून यायचं. ड्रायव्हर लोक दारातून डोकावायचे आणि म्हणायचे, “हे आता आमच्या पोटावर पाय देणार.” त्यांतल्याच एकाची मुलगी आत बसलेली. अण्णा जेवताना फक्त विचारायचे, “थंडी वाजते का गं तिथं?”

दीड वर्ष खपून ताईनं आणि आणखी दोघांनी पहिलं वेळापत्रक काढलं. कागदावर ते इतकं सुबक होतं की मोठे साहेब ते गुंडाळी करून बगलेत घेऊन फिरायचे. एकही मिनिट वाया नाही. गाडी शेवटच्या थांब्यावर पोचली की लगेच वळून परत. तेवढ्याच फेऱ्या, पण सहा गाड्या कमी.

ते सुरू झालं आणि अण्णा घरी आल्यावर जमिनीवर आडवे पडायला लागले. पाय खुर्चीवर टाकलेले, डोळे मिटलेले. जेवणाचं ताट तासभर तसंच. असे दहा-बारा दिवस गेले.  शेवटी आईनं भांडी घासता घासता, मागे वळून न बघता म्हटलं, “तुझ्या यंत्राला लघवीला लागत नाही. ह्यांना लागते.”

मी तेव्हा कॉलेजात होतो. ताईचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. ती उठली नाही, रडली नाही. पुढ्यातलं पाणी मात्र पिऊन टाकलं, जणू औषध.

दुसऱ्या दिवशी तिनं सात दिवसांची रजा टाकली आणि चौदा नंबरवर जाऊन बसली. तीच ड्रायव्हरच्या मागची सीट, सकाळपासून पाळी संपेपर्यंत. अण्णांनी दोन दिवस तिची दखलच घेतली नाही. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या थांब्यावर मान वळवून म्हणाले, “पाय मोकळे करायचे असतील तर कर. पण गाडी लगेच सुटते हं. तूच ठरवलंयस.”

“ते लागलं का तुला?” मी एका रविवारी विचारलं.

“लागलं म्हणजे? त्यांनी आयुष्यात मला टोचून बोललेलं तेवढं एकच वाक्य आहे. जपून ठेवलंय.”

रजेवरून परतल्यावर तिनं चौदा नंबरला शेवटच्या थांब्यावर चार मिनिटं दिली. प्रोग्रॅममध्ये कारण लिहावंच लागायचं, म्हणून लिहिलं ‘तांत्रिक कारण’. साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“कसलं तांत्रिक कारण?”

“गाडी तापते, साहेब.”

“म्हणजे इंजिन?”

“हो, तेही.”

साहेबांना इंजिनातलं कळत नव्हतं आणि तसं कबूल करणं त्यांना शोभलं नसतं. पुढल्या दोन वर्षांत एकेका रूटची गाडी तापायला लागली. ताई कुठं तीन मिनिटं घुसवायची, कुठं पाच. तेवढ्यानं वेळापत्रक कोलमडू नये म्हणून बाकीचं सगळं गणित रात्रंदिवस डोक्यात घेऊन फिरायची. वाचवलेल्या सहा गाड्यांपैकी दोन परत रस्त्यावर आणाव्या लागल्या, त्याचं खापर तिच्या माथी फुटलं. तिनं ते फुटू दिलं.

अण्णांना तिनं काहीच सांगितलं नव्हतं. एकदा जेवताना अण्णाच म्हणाले, “कारखान्याजवळचा चहावाला विचारत होता, हल्ली तुम्ही बसून चहा पिता ते कसं काय.”

“मग?” ताई ताटाकडे बघत म्हणाली.

“मग काय. म्हटलं, तांत्रिक कारण आहे.”

आई हसता हसता ठसक्यानं लाल झाली. ‘मिनिटबाई’ या नावातला खवचटपणा त्याच सुमारास गळून पडला.

या सगळ्यात ज्याचं खरंच नुकसान झालं तो माणूस म्हणजे रंगपेन्सिल काका. कॉम्प्युटर आल्यावर त्यांचं टेबल हललं आणि त्यांची बदली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत झाली. प्रवासी गाडीत विसरलेल्या छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे बूट. काका तिथं नोंदी करत बसायचे. ताईशी त्यांनी बोलणं टाकलं. ताईनं काय करावं? ती रोज दुपारी डबा घेऊन त्यांच्या खोलीत जायची, समोर बसून जेवायची आणि उठून यायची. चार महिने एक अक्षर नाही. मग एक दिवस काका आपणहून म्हणाले, “तशी बरी जागा आहे ही. छत्र्यांना कधी उशीर होत नाही.” तिथून पुढे ते निवृत्त होईपर्यंत दोघं रोज एकत्र जेवली. अडलेलं वेळापत्रक ताई त्यांनाच दाखवायची. काका छापील कागदावर पेन्सिलीनं रेघ ओढायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचे.

तिचा छंदही त्याच खोलीतला. वर्षभर कुणी न्यायला न आलेल्या वस्तू कामगारांना मिळायच्या. त्यात एक अ‍ॅकॉर्डियन होता. एवढं थोरलं धूड बसमध्ये विसरणारा माणूस कोण असेल, यावर दोघांनी खूप डोकं खाजवलं. काका म्हणाले, “विसरला नसेल. सोडून गेला असेल.” ताईनं तो घरी आणला. तिच्या खांद्याला एक पट्टा लागायचा, दुसरा घसरायचा, भाता दाबला की खोकल्यासारखा आवाज. त्यात एक पट्टी मुकी होती. दुरुस्त करणाऱ्यानं हात टेकले. तर वाजवताना तो सूर आला की ताई तेवढाच तोंडानं म्हणायची आणि पुढं जायची. शेजारच्या निवृत्त परिचारिकेनं आईला हळूच विचारलं होतं, “तुमच्याकडे कुणाला दमा आहे का?”

माझे भाऊजीही तिला डेपोतच भेटले. ते इस्पितळाच्या लॅबमध्ये होते, रक्त काढायचे. एके दिवशी तक्रार घेऊन आले आणि खिडकीवरच्या माणसानं त्यांना ताईकडे पिटाळलं. बस उशिरा येते म्हणून सगळेच ओरडतात, यांची तक्रार अशी की नऊ नंबर रोज दोन मिनिटं लवकर निघून जाते. ताईनं त्यांना खुर्ची दिली. नंतर मला म्हणाली, “अरे, उशिराची बस म्हणजे नशीब. लवकर गेलेली बस म्हणजे चूक. हे कळणारा माणूस पहिल्यांदा भेटला.” लग्नात काकांनी भाषण केलं. म्हणाले, तो लोकांचं रक्त काढतो, ही आमचं आटवते, जोडा जमलाय.

एक मुलगी झाली. आणि मग ती वर्षं आली ज्यांच्याबद्दल ताई रविवारी बोलता बोलता थांबते. मोठी कपाटं गेली, छोटे कॉम्प्युटर आले, सगळा प्रोग्रॅम नव्यानं लिहायचा होता. ती घरी असायची ती शरीरानं. भाची आठ वर्षांची असताना शाळेत ‘माझी आई’ असा निबंध होता. बाईंनी वही घरी पाठवली, खाली लाल शाईत लिहिलेलं, ‘पालकांनी वाचावा.’ भाचीनं लिहिलं होतं: ‘माझ्या आईला शहरातली प्रत्येक बस आत्ता कुठे आहे ते माहीत असते. आई कुठे आहे ते बाबांना फोन करून विचारावे लागते.’

भाऊजी हसले. ताईनं वही बंद केली, भाचीला म्हणाली, “शुद्धलेखन चांगलं आहे,” आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली.

त्याच महिन्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती ताईलाच मिळणार हे उघड होतं. तिनं साहेबांना लिहून दिलं की मी यापुढे साडेपाचला निघेन, रोज. जागा तिच्या हाताखाली काम शिकलेल्या माणसाला मिळाली. तो भला होता, पण शेवटी साहेबच. पुढची अठरा वर्षं ताई त्याला रजेचे अर्ज देत राहिली.

“वाईट वाटलं असेल,” मी म्हटलं.

“वाटलं ना. दोन वर्षं वाटलं. तिसऱ्या वर्षी पोरगी अ‍ॅकॉर्डियनचा तो मुका सूर तोंडानं म्हणायला शिकली.” मग म्हणाली, “पण खोटं कशाला सांगू? त्याच्या दारावरची पाटी बदलली त्या दिवशी मी जिन्यानं गेले. लिफ्ट त्याच्या दारासमोर उघडायची.”

भाची आता दुसऱ्या शहरात असते. तिच्या घरी अ‍ॅकॉर्डियन नाही, पण ताई वाजवायची ती धून गुणगुणताना तो सूर अजून जरा मोठ्यानं म्हणते. ताई फोनवर ऐकते.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी कंपनीनं बाहेरून नवी प्रणाली घ्यायचं ठरवलं. ताईचा प्रोग्रॅम बंद करून तिथं ती बसवायची. काम करायला आली एक तरुण इंजिनियर मुलगी, केस आखूड, बोलणं भराभर, पाठीवर तिच्याएवढीच सॅक. तिसऱ्या दिवशी ती ताईच्या टेबलाशी आली.

“मॅडम, एक विचारायचं होतं. सगळ्या रूटना शेवटी ‘तांत्रिक कारण’ आहे. एकूण मिळून दिवसाचे साठ तास होतात. आमच्या प्रणालीत हे काढलं तर नऊ गाड्या वाचतात.”

“नऊ?” ताई म्हणाली. “आमच्या वेळी सहा होत्या.”

“पण कारण काय आहे? गाड्या तर आता तापत नाहीत.”

ताई सांगते, त्या क्षणी तिला सगळं बोलून टाकावंसं वाटलं. पण कानांनी ऐकलेलं किती टिकतं हे तिला ठाऊक होतं. तिनं पर्स उचलली. “चल, फिरून येऊ.”

दोघी चौदा नंबरमध्ये बसल्या. दुपारची वेळ, गाडी भरलेली, पुलावर कोंडी. गाडी चालवायला पन्नाशीची एक बाई होती. एक तास दहा मिनिटांनी कारखान्याचा थांबा आला. ड्रायव्हरबाई खाली उतरल्या, कमरेवर दोन्ही हात ठेवून मागं वाकल्या, समोरच्या चहाच्या दुकानामागं गेल्या, येऊन तोंडावर पाणी मारलं, अर्धा कप चहा घेतला. मग मोबाइलवर कुणाला तरी विचारलं, “औषध घेतलंस का?” आणि चढून बसल्या. इंजिनियर मुलगी खिडकीतून बघत होती.

“किती झाली?” ताईनं विचारलं.

मुलीनं मोबाइल बघितला. “चार.”

परतताना ती स्टेशन आल्यावर म्हणाली, “मॅडम, पण मग सरळ लिहिलं का नाही? माणसांना विश्रांती हवी, असं?”

“तेव्हा लिहिलं असतं तर काढून टाकलं असतं.”

“आणि मी आत्ता लिहिलं तर?”

“तुझ्या काळाचं तुला माहीत,” ताई म्हणाली. “पण लिहून बघ.”

नव्या प्रणालीत आज ‘चालक विश्रांती’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. त्यासाठी त्या मुलीला तीन बैठकांत भांडावं लागलं. तिसऱ्या बैठकीला ती दोन साहेबांना घेऊन चौदा नंबरमध्ये चढली. बसायला जागा मिळाली नाही, दोघे साहेब उभे राहिले. तेच कामी आलं असावं.

ताईचा प्रोग्रॅम एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता बंद झाला. बंद करायची आज्ञा तिनंच टाइप केली, तसा तिनं हट्ट धरला होता. पडद्यावर एक ओळ आली आणि गेली. मी कुतूहलानं विचारलं, “मग काय झालं?”

“काही नाही झालं. खिडकीतून बघितलं, गाड्या चालल्या होत्या. कुणाला कळलंसुद्धा नाही. मी हात धुतले आणि डबा खाल्ला.”

अण्णा जाऊन बारा वर्षं झाली, काका त्याच्याही आधी गेले. हे ऐकायला दोघांपैकी कुणीतरी हवं होतं, असं मला वाटलं. ताईला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

आता एक सांगायचं राहिलं. आमची आई. ती पंच्याऐंशीची आहे आणि ताईकडेच असते. मी एवढं सगळं सांगितलं, पण ती काय करायची ते सांगितलंच नाही, आणि हे मुद्दाम नाही, सुचलंच नाही. आई सव्वीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. फक्त कॉलर. आम्ही शाळेत गेलो की जायची, यायच्या आधी परत. ती कामावर जाते हे आम्हाला ठाऊक होतं, पण तिला कामावर आम्ही दोघांनी एकदाही पाहिलं नाही.

हे ताईच्या लक्षात आलं ते निवृत्तीनंतर महिन्याभरानं. दुपारी दोघी समोरासमोर बसलेल्या, ताई सहज म्हणाली, “आई, कॉलरचं टोक उलटवताना फाटत नाही का गं?” आईनं आधी तिच्याकडे संशयानं बघितलं. मग जे बोलायला लागली ते संध्याकाळी भाऊजी आले तरी चालूच. दिवसाला अडीचशे कॉलरी. चाळीस बायका, चार रांगा. खिडकीजवळच्या मशीनसाठी भांडणं. शेजारच्या मशीनवरची एक मैत्रीण, जी सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढायची आणि जिच्या गमती आई आजही सांगताना डोळे पुसते. कारखान्यात सगळी मशीनं फिरवणारा इंजिनाचा पट्टा तुटला की अर्धा तास सुट्टी मिळायची, आणि तो पट्टा दर पंधरवड्याला कसा काय तुटायचा, हे आईनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

“तुम्ही बायकाच तोडायचात?” ताई उडालीच.

“तुटायचा,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताईनं जुनं शिलाई मशीन विकत आणलं. आता सकाळी चहा झाला की आई उशीला टेकून बसते आणि ताई कॉलर शिवते. लागोपाठ इतक्या वेळा हरताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. डावं टोक जमलं की उजवं बोथट. आई हातात घेते, नख फिरवते आणि म्हणते, “उसव.” ताई उसवते. पाचव्या महिन्यात आईनं एक कॉलर परत दिली नाही. ती लावून ताईनं एक शर्ट शिवला आणि मला दिला.

मी तो दवाखान्यात घालतो. खुर्चीत आडव्या झालेल्या पेशंटला माझी कॉलर नाकासमोर दिसते. परवा एका शिंपिणीची अक्कलदाढ काढत होतो. तोंडात कापूस असूनही तिनं बोट वर करून उजव्या टोकाकडे खूण केली. मी म्हटलं, “माहीत आहे. बोलू नका, अजून रक्त थांबलेलं नाही.”